विमानपट्टीचा सालदार

फकिरा जन्मात कधी विमानात बसला नाही. पण भिलाईचा कारखाना उभा राहत होता त्या वर्षांत दिल्लीकडून, कलकत्त्याकडून जी विमानं आली, ती त्याने कापलेल्या गवतामधून धावली आणि त्याने झाडलेल्या मुरुमावर थांबली. विमानातून रशियन साहेब उतरत, आपले साहेब हार घेऊन पुढे होत, आणि फकिरा काठी घेऊन उलट्या दिशेला धावत असे, कारण नेमकी त्याच वेळी कुठल्यातरी गावची म्हैस पट्टीवर यायची. त्यामुळे कुठल्याही विमानाचं तोंड त्याने नीट पाहिलं नाही. तरी कुणी विचारलं, की छाती पुढे काढून सांगायचा, "पट्टीवरचा मानूस आहो मी."

मूळचा तो आमगावच्या अलीकडच्या एका खेड्यातला. बाप सालदार, आजा सालदार, हाही सालदार. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहिलेला शेतगडी, हे वेगळं सांगायला नको. पण त्या भागात ही बोली कशी होते तेवढं सांगायला हवं. अक्षयतृतीयेला मालक गड्याला अंगणात बोलावतो, कपाळाला कुंकू लावतो, नवं धोतर देतो आणि हातावर विडा ठेवतो. गड्याने विडा तोंडात टाकला, की पुढच्या अक्षयतृतीयेपर्यंत तो बांधला गेला. कागद नाही, अंगठा नाही. मालकाने मधेच 'जा बाबा' म्हटलं तर गडी मोकळा. गडी आपणहून गेला तर त्याला 'साल मोडलं' म्हणतात, आणि साल मोडलेल्या माणसाला कुणी दारात उभं करत नाही.

फकिराच्या काकाने एकदा ऐन भाताच्या रोवणीत साल मोडलं होतं. का मोडलं हे कुणी विचारलं नाही. काका परागंदा झाला, आणि त्याच्या मागे फकिराच्या बापाला पुढची कित्येक वर्षं विडा घेताना आधी मान खाली घालून ऐकून घ्यावं लागे, की तुम्ही त्याच घरचे. हे फकिराने लहानपणी खांबाआड उभं राहून पाहिलेलं. त्यामुळे आपल्या मालकाच्या, पाटलाच्या वाड्यावर कितीही जीव विटला तरी त्याने साल काही मोडलं नाही. अक्षयतृतीयेच्या सकाळी जुनं साल संपलं, नवा विडा हातावर पडायच्या आत त्याने बायकोला, शेवंताला, आणि कडेवरच्या ताराला घेतलं आणि स्टेशन गाठलं. गाडीत शेजारी बसला तो त्याच बाजूचा तेजराम. दोघांनी शपथ घेतल्यासारखं एकमेकांना सांगितलं, "आता कोनाचा विडा खात नाही."

शेवंताने ते शब्द लक्षात ठेवले. बायकांना नको त्या गोष्टी लक्षात राहतात अशी पुरुषांची तक्रार असते. ह्या बाबतीत तिच्या लक्षात राहिलं तेच योग्य होतं.

नंदिनीच्या खाणीकडे जाणाऱ्या रस्त्याला ती विमानपट्टी होती. एवढ्या मोठ्या कारखान्यापुढे पट्टीला कोण विचारतो? पण साहेब लोकांना यायला-जायला ती लागायची, आणि तिच्यावरची सगळी बारीकसारीक कामं एका ठेकेदाराकडे दिलेली होती. गवत कापायचं, मुरूम दाबायचा, गुरं हाकलायची, पिंपातलं पेट्रोल हातपंपाने विमानात चढवायचं, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी खांबावर फडकत ठेवायची, आणि उतरलेल्या पाहुण्यांना शेडमध्ये चहा द्यायचा. हा ठेका रायपूरच्या विद्याधरपंतांकडे होता. पंत पिढ्यान् पिढ्या रायपूरला राहिलेले, तात्यापारा मोहल्ल्यात घर, बोलणं मऊ, अंगावर स्वच्छ सदरा. त्यांनी फकिराला रोजच्या हजेरीवर ठेवलं. आलास तर आलास, गेलास तर गेलास. फकिराला ह्या सुटेपणाचं एवढं अप्रूप होतं, की पहिले काही महिने तो सुट्टीच्या दिवशीही पट्टीवर जाऊन नुसता बसायचा. पट्टीच्या कडेलाच त्याने झोपडी घातली.

मग भांडण लागलं. पंतांच्या ठेक्याची मुदत संपली, आणि नवा ठेका दुर्गच्या बाबुलालला मिळाला. बाबुलालचं घराणं मूळचं गोंदियाकडचं, बाप धान्याच्या गाड्या हाकत दुर्गला आलेला. त्याने पंतांपेक्षा कमी दर भरला होता. पंतांचं म्हणणं, की मला आणखी एका वर्षाचा शब्द मिळालेला आहे. त्यांनी दुर्गच्या कोर्टात दावा लावला. कोर्टाने सांगितलं, निकाल लागेपर्यंत आहे तसं राहू द्या.

आता 'आहे तसं' म्हणजे कसं, हे ज्याने त्याने आपल्या सोयीने ठरवलं. पंत म्हणाले, पट्टी माझ्या ताब्यात आहे, माझी माणसं तिथे आहेत. बाबुलालने दुसऱ्या दिवशी आपली माणसं आणून दुसऱ्या टोकाला शेड ठोकली आणि तोही तेच म्हणाला. पट्टी एक आणि ठेकेदार दोन. दोन्ही टोळ्या तेच गवत कापायच्या. वाऱ्याची पिशवी दोन्ही टोकांना फडकू लागली. वारा कमी असला की एक पिशवी उत्तरेला बघे आणि दुसरी नुसतीच लोंबे, आणि वैमानिक खाली उतरून दोघांनाही शिव्या घाले. एका रशियन साहेबापुढे तर दोन्ही बाजूंनी चहा आला. साहेब भला माणूस, त्याने दोन्ही कप रिकामे केले.

हसायला हे बरं वाटतं. पण पंतांच्या माणसांना आपल्या हजेरीची धास्ती पडली होती. कारखान्याच्या हापिसात पंतांच्या बाजूने कुणी बोलेना. एकेक माणूस हळूच बाबुलालच्या शेडकडे सरकू लागला. तेजरामही पंतांच्याच हजेरीवर होता, तोही गेला. जाताना म्हणाला, "तू बी चाल ना." फकिरा म्हणाला, "पाहू, हप्ताभरात येतो." आणि तो खरंच जाणार होता. हे ध्यानात ठेवा.

त्याच हप्त्यात अक्षयतृतीया आली. छत्तीसगडात हिला अक्ती म्हणतात.

सकाळी पंतांची जीप आली. सोबत पुतण्या सूर्यकांत. फकिरा मुरुमावर पाणी मारत होता, त्याला पंतांनी शेडच्या सावलीत बोलावलं. सूर्यकांतने जीपमधून पाण्याने भरलेली मातीची नवी घागर उतरवली, ओलं फडकं गुंडाळलेली. मग धोतर काढलं. पंतांनी फकिराच्या कपाळाला गंधाचं बोट लावलं, तोंडाने काहीतरी संस्कृत पुटपुटले, धोतर हातावर दिलं आणि वर विडा ठेवला.

गंध, धोतर, विडा. हे काय आहे ते फकिराला कुणी शिकवायची गरज नव्हती. बापाच्या हातावर पडताना पाहिलेलं, आपल्या हातावर किती वेळा पडलेलं. गाडीतली शपथ त्याला आठवली. पण हे समोर उभे होते ते काही पाटील नव्हते. पाटलाने कधी घागर दिली नव्हती. पाटलाने कधी स्वतःच्या हाताने गंध लावलं नव्हतं, दिवाणजी लावायचा. सगळे सोडून गेल्यावर मालक आला आणि एवढ्या माणसांतून त्याने आपल्यालाच निवडलं, ह्या एका गोष्टीने फकिरा विरघळला. आणि आलेला विडा परत कसा करायचा? ते काही त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

त्याने विडा तोंडात टाकला आणि पंतांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"असू दे, असू दे," पंत म्हणाले. जीपमध्ये चढता चढता वळून म्हणाले, "पट्टी सांभाळ बरं, फकिरा. तुझ्यावरच आहे आता."

झोपडीच्या दारात शेवंता उभी होती. नवऱ्याचे लाल ओठ तिने पाहिले.

"कोनाचा विडा खाल्ला?"

"पंतांचा."

"अन् आता?"

"आता पुढच्या अक्तीपर्यंत त्यायचा."

शेवंता घागरीकडे पाहत राहिली. "मंग आपन गाव सोडून कशाले आलो होतो इथं?"

फकिराने धोतर घडी घालून दांडीवर ठेवलं आणि पुन्हा मुरुमावर पाणी मारायला गेला.

बातमी तेजरामनेच आणली. पट्टी आता कारखाना स्वतःच चालवणार होता. हापिसाने बाबुलालला ठेकेदार मानलं होतं, म्हणून बाबुलालच्या हजेरीवर जी माणसं असतील तीच कायम होणार. कारखान्याची नोकरी. पुढेमागे कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरात क्वार्टर.

"सेक्टर दोनमधी मी पाहून आलो," तेजराम म्हणाला. "पक्कं घर. अन् घरात नळ."

"घरातल्या घरात नळ?" ताराने विचारलं. ती आता आईबरोबर पाणी भरायला जाण्याएवढी झाली होती. विहीर लांब होती.

त्या क्वार्टरांच्या बांधकामावर शेवंता दिवसभर डोक्यावरून गारा वाहायची. तो नळ तिने भिंतीत बसवताना पाहिला होता. एकदा गवंड्याची नजर चुकवून तिने त्याची तोटी फिरवूनही पाहिली होती. तेव्हा पाणी यायचं होतं.

"माझं साल चालू हाय," फकिरा म्हणाला.

तेजराम हसायला गेला आणि थांबला. दुसरा कुणी असता तर त्याने टिंगल केली असती. पण तोही त्याच मातीतला. "अक्तीचा विडा खाल्ला तू? कावून बाप्पा?"

"मालकानं देल्ला."

"हे काय गाव हाय का रे? हे कारखान्याचं गाव. इथं भोंगा वाजते अन् मानसं बदलून जाते. इथं कोनाचं साल अन् कोनाचं काय."

"भोंगा मी नाही खाल्ला," फकिरा म्हणाला. "विडा खाल्ला."

असं बोलायला त्याला चांगलं जमायचं. पोट भरेल असं बोलणं मात्र कधी जमलं नाही.

मग एके दिवशी खुद्द बाबुलाल त्याच्यापुढे येऊन उभा राहिला. पंतांच्या बाजूला तोवर फकिरा एकटा उरला होता. बाबुलाल आडदांड माणूस, पण आवाज चढवला नाही. म्हणाला, "फकिरा, तू मेहनती मानूस आहेस. माझ्या हजेरीवर ये. तुझं नाव मी पयले लिहून घेतो."

"शेठ, मी पंतांचा सालदार आहो. अक्तीले विडा घेतला मी."

बाबुलालने डोक्यावरची टोपी सारखी केली. "असं हाय का? मंग नको येऊ. साल मोडलेला मानूस मी बी ठेवत नाही." दोन पावलं जाऊन वळला. "पंतांनी आपल्या तोंडानं सोडलं तर ये. नावं हापिसात जाईपर्यंत ये. मी ठेवून घेईन."

पंतांचं कोर्टात ज्याच्याशी भांडण होतं त्या माणसाला फकिराचं म्हणणं एका वाक्यात कळलं. ज्यांच्यासाठी तो उभा होता त्यांना ते सांगायची त्याला गरजच वाटली नाही. मालकाला काय सांगायचं? विडा देणाऱ्याला विडा माहीत असतोच, असं तो धरून चालला होता.

पावसाळ्यात गवत मांडीएवढं झालं. जे काम टोळीने करायचं ते फकिरा एकटा करू लागला. एका टोकाकडून कापत दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत मागे पुन्हा हिरवं झालेलं असे. पंतांची जीप येईनाशी झाली. त्यांच्याकडून दाणापाणी यायचं तेही आटलं, आणि घर शेवंताच्या डोक्यावरच्या घमेल्यावर चालू लागलं. बाबुलालची माणसं आधी त्याला हसायची, नंतर हसायची थांबली, मग त्याला बिडी देऊ लागली. कुणीतरी म्हणालं, की अरे, आम्हीच कापतो आहोत हे गवत, तू कशाला मरतोस? फकिरा म्हणाला, "तुमी तुमच्या मालकाचं कापा, मी माझ्या मालकाचं कापतो." आणि तेच गवत, मघाशी कापलेलं, पुन्हा एकदा विळ्याने सारखं करत बसला.

माणसाने किती वेडं असावं ह्याला काही सुमार? पण त्याच्या जागी उभं राहून पाहिलं तर दुसरा रस्ता दिसत नाही, हीच मेख आहे. साल मोडलं तर तो काका होतो. नाही मोडलं तर कायमची नोकरी जाते आणि ह्या सालापायी जन्मभराची सालदारी पुन्हा गळ्यात पडते. विळा चालवता चालवता तो ह्याच दोन गोष्टी उलटसुलट करायचा. कधीकधी हात थांबायचा आणि तो उन्हात तसाच उकिडवा बसून राहायचा. शेवंताने त्याला एकदा तसं पाहिलं. तो रडत होता की घाम होता, तिला कळलं नाही. 

त्या दिवशी घरी आल्यावर ती बोलली.

"मालकानं सोडलं तर मानूस मोकळा होते. जा, मांगून घ्या."

"सालदार मांगत नसते. मालकानं आपल्या मनानं म्हनावं लागते."

"त्यायच्या मनात येईपर्यंत नावं चालली जातीन."

"मांगनं म्हंजे अर्धं साल मोडनंच हाय, शेवंता."

"तर मंग मीच जातो अन् मांगतो. मी काही विडा नाही खाल्ला."

बायको मालकाच्या दारात जाऊन आपल्याला सोडवून आणणार, ही कल्पना फकिराला सहन झाली नाही. तरीही जायला त्याने उरलेला पावसाळा लावला. आज गवत आहे, उद्या विमान आहे, परवा पिशवी फाटली आहे. अखेर गेला तेव्हा पंत नागपूरला कुणाच्या तरी लग्नाला गेलेले. दारात सूर्यकांत भेटला. "काय काम होतं? मला सांग, मी सांगतो काकांना."

"मालकांशीच बोलाचं होतं जी," म्हणून फकिरा परत फिरला. साल सोडणं हे काय पुतण्याकडे निरोप ठेवायचं काम आहे? त्याच्या लेखी नव्हतंच. तिथल्या तिथे चार शब्द बोलला असता तर ही गोष्ट सांगायचीही वेळ आली नसती.

दसऱ्याच्या सुमाराला तेजराम धावत आला. "नावं चालली. आज-उद्यात जातीन. अजूनबी जा."

शेवंता दांडीवरचं धोतर काढून त्याच्यापुढे धरून उभी राहिली. इतके महिने ते नवंच होतं. मालकाने दिलेलं धोतर मालकापुढे नेसून जावं म्हणून फकिरा ते नेसला. चालत भिलाईचं स्टेशन गाठलं आणि रायपूरच्या गाडीत बसला. चरोद्याला यार्डात गाडी खोळंबली. शेजारच्या रुळांवरून कारखान्याचा माल भरलेल्या वाघिणी संपता संपेनात. वाघीण पुढे सरकली की फकिराचा जीव वरखाली होई. पंत घरी नसले तर? असले आणि नाही म्हणाले तर? तिसरं काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

पंत घरी होते. ओसरीवर झोपाळ्यावर बसले होते, आणि त्यांच्या शेजारी त्याच झोपाळ्यावर बाबुलाल बसला होता. मधे पोह्यांच्या बश्या.

फकिराला वाटलं आपलं घर चुकलं. तो पायरीखालीच थबकला.

"कोण? फकिरा का? ये, ये," पंत प्रसन्नपणे म्हणाले. "अरे, तू अजून पट्टीवरच आहेस?"

"पट्टी सोडून कुठं जाईन जी."

पंत बाबुलालकडे पाहून हसले. पट्टी कारखानाच घेणार म्हटल्यावर भांडायचं कशासाठी, असा विचार दोघांनी केला होता. दावा मागे घेतला, आणि मुरूम वाहण्याचं एक नवं काम दोघं मिळून करणार होते. शहाण्या माणसांनी शहाण्यासारखं मिटवलं होतं. फक्त पायरीखाली उभ्या असलेल्या माणसाला सांगायचं राहून गेलं होतं.

फकिराने हात जोडले. सबंध वाटेने घोकलेलं वाक्य तो बोलला. "मालक, एक मांगनं हाय. मले मोकळं करा."

"मोकळं? कशातून?"

बाबुलालने कप खाली ठेवला. "पंत, यानं तुमचा अक्तीचा विडा खाल्ला हाय. त्याचं साल चालू हाय. मी बोलावलं होतं याले. म्हनून नाही आला."

"विडा?" पंतांनी कपाळाला आठी घातली. मग चेहरा उजळला. "हां, हां, ते होय! अरे, ते वडिलांच्या नावाचं. आमच्याकडे अक्षयतृतीयेला पाण्याची घागर, वस्त्र आणि विडा दान देतात कुणाला तरी. गेलेल्या माणसाला पाणी पोचतं म्हणतात. आम्ही दरवर्षी देतो. त्या दिवशी ठरलेला माणूस आला नाही, तेव्हा सूर्यकांत म्हणाला, पट्टीवर फकिरा आहे, त्याला देऊ. म्हणून तुला दिलं." आणि काळजीने विचारलं, "घागर फुटली का?"

पंत खोटं बोलत नव्हते. बोलत असते तर बरं झालं असतं. निदान राग धरायला काहीतरी सापडलं असतं.

"म्हंजे मी तुमचा सालदार नवतो?"

"सालदार कसला? तू रोजच्या हजेरीवरचा माणूस. मनात आलं तेव्हा जायचंस. सगळे गेले नाहीत का? तुला कुणी धरून ठेवलं होतं?"

फकिराने बाबुलालकडे पाहिलं. एवढा आडदांड माणूस, पण त्याने नजर बशीत घातली.

"नावं काल गेली रे, फकिरा."

"एक नाव, शेठ."

"काल आला असता तर मी माझ्या हातानं लिहिलं असतं. आता हापिसाच्या हातात हाय. बंद झालं."

"मी मागं आलो होतो," फकिरा म्हणाला. "हे नागपूरले गेले होते."

झोपाळा थोडा हलत होता, तो बाबुलालने पाय टेकून थांबवला. पंत आत वळून म्हणाले, "अरे सूर्यकांत, फकिराला चहा आण." पण चहा येईपर्यंत फकिरा अंगणाबाहेर गेला होता.

तो परतला तेव्हा ऊन उतरलं होतं. पट्टीच्या कडेने शेवंता विहिरीवरून येत होती, डोक्यावर तीच घागर, काठाचा टवका उडालेली. मागून लहान कळशी घेऊन तारा. शेवंताने लांबूनच त्याला पाहिलं आणि भराभर पाय उचलले. जवळ आल्यावर तिने चेहरा वाचायचा प्रयत्न केला आणि तो वाचता आला नाही म्हणून विचारलं.

"सोडलं का मालकानं?"

"धरलंच नवतं."

मग त्याने तिथेच, पट्टीवर उभं राहून, झालं ते सांगितलं. सांगताना तो चिडला नाही, आवाजही हलला नाही. दुसऱ्या कुणाची हकिगत सांगावी तसा बोलला. शेवंता घागर डोक्यावर तशीच धरून ऐकत होती. उतरवायचं भान तिला राहिलं नाही. संपल्यावर तिने एवढंच विचारलं, "म्हंजे ह्या घागरीतून त्या मेलेल्या मानसाले पानी पोचलं?"

"असं म्हनते ते."

"पोचलं असन," शेवंता म्हणाली. "त्याले पोचलं. आमाले नाही पोचलं."

आणि ती झोपडीकडे चालू लागली, कारण चूल पेटवायची होती आणि पाणी तिच्याच डोक्यावर होतं.

पट्टी कारखान्याने घेतली. भोवती तारेचं कुंपण आलं, आणि कुंपणाच्या आतली झोपडी फकिराला बाहेर काढावी लागली. तेजरामला पुढे सेक्टर दोनमध्ये क्वार्टर मिळालं. शेवंता नि तारा एकदा तिथे गेल्या, तेव्हा ताराने नळ सोडला आणि बराच वेळ बंदच करीना. शेवंताने नंतर ताराला पुन्हा तिकडे नेलं नाही.

फकिराने ठिकठिकाणी हजेरी धरून पाहिली. पण हजेरीवर त्याचं मन बसेना. कुणी 'उद्या ये' म्हटलं की तो ते किती खरं, किती खोटं ह्याच विचारात पडे, आणि उद्या जातच नसे. आपल्याला कोण बांधून घेतो आणि कोण नाही, हे ओळखायची त्याची शक्तीच गेली होती. अखेर पुढच्या अक्तीला नंदिनीच्या बाजूच्या एका गावचा दाऊ, चांगला बागायतदार, सालदार शोधत आला. कुणीतरी त्याला फकिराचं नाव सांगितलं होतं. माणूस खरा आहे, म्हणाला होता, साल मोडत नाही.

दाऊने कुंकू लावलं, धोतर दिलं, हातावर विडा ठेवला. शेवंता दारात उभी होती. फकिराने विडा लगेच तोंडात टाकला नाही. तो हातावर तसाच धरून त्याने दाऊला विचारलं, "हा सालाचा हाय का दानाचा?"

दाऊला प्रश्न कळला नाही. त्याने दोनदा विचारून घेतलं, मग हसला. "सालाचा रे बाबा. दान कशाचं करू तुला?"

तेव्हा फकिराने विडा तोंडात टाकला.